कापडाचं छप्पर: मोटारीच्या टपाचा इतिहास आणि घरची दुरुस्ती

रोजच्या वस्तूंच्या इतिहासाच्या या मालिकेत आज आपण मोटारीच्या कापडी टपाकडे बघणार आहोत. ज्या गाडीचं छप्पर मागे दुमडून ठेवता येतं, जिला कन्व्हर्टिबल म्हणतात, तिचं हे छप्पर. आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात अशी गाडी असेल. पण कापडी टपाखाली कधीच बसला नाही असा माणूस आपल्यात सापडणं अवघड, कारण रिक्षात आपण सगळेच बसलोय. तुम्ही हे इंदूरला ऐकत असा, बडोद्याला, बेळगावला की हैदराबादला, दाराबाहेर उभ्या असलेल्या रिक्षाचं हूड म्हणजे याच घराण्यातली वस्तू आहे.

टायर सोडले, तर गाडीच्या बाहेरच्या अंगाला कापडी टप हा असा भाग आहे, की तो गाडीच्या आधी संपणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. इंजिन चालत राहतं, पत्रा टिकतो, पण कापडाला ऊन खातं, घडी कातरते, शिवण उसवते. मग ते बदलायचं कुणी? मालकानं, कोपऱ्यावरच्या कारागिरानं, की कंपनीनं? प्रश्न छोटा वाटतो. पण त्याची उत्तरं काळानुसार कशी बदलली ते पाहिलं, की माणूस आणि त्याच्या मालकीची वस्तू यांचं नातं कसं बदलत गेलं तेही कळतं.

घोडागाडीचा वारसा

मोटारीनं दुमडतं छप्पर शोधून काढलं नाही. ते तिला घोडागाडीकडून आयतं मिळालं. गाडीच्या प्रकारांची नावं बघा. कॅब्रिओले हे मुळात फ्रान्समधल्या हलक्या दोनचाकी घोडागाडीचं नाव. फ्रेंचमध्ये कॅब्रिओल म्हणजे उडी. ही गाडी चालताना उड्या मारायची, म्हणून हे नाव. त्याचंच आखूड रूप म्हणजे कॅब, आणि म्हणून आजही आपण टॅक्सीला कॅब म्हणतो. लँडो हे नाव लांडाउ या जर्मन गावावरून आलं. त्या गाडीचं छप्पर दोन भागांत असे, अर्धं पुढे आणि अर्धं मागे दुमडायचं. मुंबईकरांच्या ओळखीची व्हिक्टोरिया ही राणीच्या नावाची गाडी. तिच्या मागच्या बैठकीवर एकच घडीचं हूड असे. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहरातल्या हौशी फेऱ्यांच्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरवल्या, तोवर मरीन ड्राइव्हला हे हूड दिसायचं.

या सगळ्या गाड्यांची रचना एकच. बाकदार लाकडाच्या किंवा लोखंडाच्या कमानी एका बिजागरीवर जोडायच्या आणि त्यांच्यावर चामडं किंवा जाड कापड ताणायचं. आपल्याकडे बैलगाडीवर बांबूच्या कामट्यांची कमान करून वर कापड टाकत, तोच विचार. फरक एवढाच, की इथे कमानी मिटतात.

कापड ठोकायला चुका वापरत. चुका म्हणजे चांभार वापरतो तसले बारीक खिळे. हात कापड ताणण्यात गुंतलेले असल्यानं कारागीर चुका तोंडात धरत आणि एकेक काढून ठोकत. या पद्धतीत एक गोष्ट आपोआप साधली होती, तिच्याकडे नीट लक्ष द्या. चूक जशी ठोकता येते तशी उपटताही येते. म्हणजे जुनं कापड काढून नवं लावण्याची सोय जोडणीतच होती. दुरुस्तीचा वेगळा विचार कुणाला करावाच लागला नव्हता.

कोटाचं कापड छपरावर

आता कापडाकडे येऊ. कॅनव्हास हा शब्द कॅनाबिसवरून आला, कारण हे कापड मुळात भांगेच्या कुळातल्या झाडाच्या धाग्याचं होतं. जहाजाची शिडं त्याचीच असत. पाणी अडावं म्हणून त्याला तेल किंवा डांबर फासायचे. तेल फासलेलं कापड घडीवर तडकतं आणि डांबराचं उन्हात चिकट होतं. दुमडणाऱ्या छपराला दोन्ही निरुपयोगी.

मार्ग काढला तो रेनकोटानं. १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं एक पेटंट घेतलं. नॅप्थात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मध्ये घालून त्यांना चिकटवायचं, की पाणी आत येत नाही. रबर उन्हात पातळ आणि थंडीत कडक व्हायचं, तीही अडचण पुढच्या काही दशकांत गंधकाची प्रक्रिया करून सुटली. चार्ल्स गुडइयरचं अमेरिकी पेटंट १८४४ चं आहे.

गंमत अशी, की आजच्या महागड्या गाडीचा चांगला कापडी टप उसवून पाहिलात तर तीच रचना दिसते. वर विणलेलं कापड, बहुधा ॲक्रिलिकचं, मध्ये रबराचा थर, खाली अस्तर. दोनशे वर्षांत धागा बदलला, रबर बदललं, पण तीन थर तसेच राहिले.

दुसरी वाट नकली चामड्याची. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन चामड्यासारखं दिसणारं कापड करत. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइडमधली एक कंपनी हे कापड रेक्झिन या नावानं विकायची. कंपनी इतिहासजमा झाली, पण तिचं नाव आपल्या भाषेत जिवंत आहे. आज दुकानात रेक्झिन म्हणून जे मिळतं ते बहुतेक पीव्हीसीचं असतं. तरी पुण्यात काय नि भोपाळात काय, आपण मागतो ते रेक्झिनच. पुढे पीव्हीसी म्हणजे व्हिनाइलचे टप आले. ते धुवायला सोपे आणि स्वस्त, पण थंडीत कडक होतात आणि घडीवर चिरतात.

मागच्या खिडकीचीही हीच तऱ्हा. काच दुमडत नाही, म्हणून आधी सेल्युलॉइड आणि नंतर पारदर्शक पीव्हीसी आलं. उन्हानं दोन्ही पिवळी पडतात. कापड धडधाकट, पण मागचं काही दिसत नाही, म्हणून अख्खा टप बदलावा लागला, असे प्रसंग कन्व्हर्टिबलवाल्यांना नवे नाहीत.

पत्र्याचा विजय

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. तिचं सर्वांत खपणारं रूप म्हणजे टूरिंग, अर्थात चारी बाजूंनी उघडी, वर कापडी टप आणि पावसात बाजूंना लावायचे पडदे. तेव्हा उघडी गाडी ही हौस नव्हती. गाडी म्हणजे उघडीच. बंद डबा बनवायला महाग आणि वजनाला जड, म्हणून तो श्रीमंतांसाठी. टप उभा करायला दोन माणसं लागत. १९२३ च्या सुमारास फोर्डनं एकट्या माणसाला उभा करता येईल असा टप दिला, तेव्हा ही मोठी सुधारणा वाटली.

मग दहा वर्षांत चित्र पालटलं. अमेरिकेत १९१९ साली विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी साधारण दहा टक्के बंद छपराच्या होत्या. १९२७ मध्ये हे प्रमाण पंच्याऐंशी टक्क्यांवर गेलं. एसेक्स या गाडीच्या कंपनीनं १९२५ मध्ये आपलं बंद मॉडेल उघड्यापेक्षाही स्वस्त करून टाकलं. मोठाले पत्रे यंत्रावर दाबून काढणं जमू लागलं आणि लाकडाच्या सांगाड्यावर हातानं कापड ताणणाऱ्या कारागिराची मजुरी पत्र्यापेक्षा महाग पडू लागली.

इथून कापडी टपाचे दोन वेगळे संसार सुरू झाले.

ऐष आणि काटकसर

पहिला संसार ऐषीचा. साधी गाडी बंद झाल्यावर उघडी गाडी आपोआप खास ठरली. हात लावायचे कष्टही नकोत, म्हणून १९३९ च्या प्लिमथमध्ये इंजिनाच्या निर्वातावर चालणारा टप आला. नंतर तेलाच्या दाबावर चालणारे पंप आले, विजेच्या मोटारी आल्या. फोक्सवॅगनच्या बीटलचं उघडं रूप कारमान कंपनीनं १९४९ ते १९८० या काळात तीन लाखांहून अधिक संख्येनं बनवलं. त्याचा टप गादीसारखा जाड, थरावर थर. आत बसलेल्याला ऊब मिळे, पण तो बदलणं हे सराईत कारागिराचंच काम.

दुसरा संसार काटकसरीचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएननं टू-सीव्ही दाखवली. शेतकऱ्यासाठी केलेली ही गाडी. तिचं छप्पर पुढच्या काचेपासून मागेपर्यंत गुंडाळता येणारं कापड होतं. त्यात ऐष काही नव्हती. कापड पत्र्यापेक्षा हलकं आणि स्वस्त, आणि छप्पर गुंडाळलं की उंच सामानही मावायचं. १९५७ च्या छोट्या फियाट ५०० लाही असंच कापडी छप्पर होतं. दुसऱ्या महायुद्धातली जीप तर याच विचाराची. तिचा टप म्हणजे जवळजवळ तंबू: दोन नळ्या, कॅनव्हास, पट्टे आणि अडकवण्या. सैनिकानं तो हातानं चढवावा, हातानं उतरवावा, फाटला तर दाभण-दोऱ्यानं शिवावा.

दोन्ही संसारांत कापड तेच, पण ऐषीच्या गाडीत टपाचा सांगाडा मालकापासून लपवला गेला, आणि काटकसरीच्या गाडीत तो त्याच्या समोर उघडा राहिला.

अंगणातलं काम

घरी टप बदलण्याची रीत ही मॉडेल टीच्या काळापासूनची. तयार शिवलेलं कापड टपालानं मागवायचं, जुन्या चुका उपटायच्या, नवं ठोकायचं. गाडी शेतावर, कारागीर तीस मैलांवर. दुसरा इलाज नव्हता.

ही रीत आपल्या काळात नीट जगवली ती १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या माझदा एमएक्स-५ नं. ही दोन माणसांची छोटी जपानी गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण जगात २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या होत्या. टप हातानं उघडायचा. पुढे दोन कड्या. त्या सोडा आणि छप्पर मागे ढकला. पंप नाही, मोटार नाही. म्हणून परदेशात हजारो मालकांनी तो आपल्या गॅरेजमध्ये स्वतः बदलला.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण त्या रचनेतच इतिहास दिसतो. आधी सीटमागचा गालिचा आणि कडेची आवरणं काढायची. खाली टपाची मागची कड पट्ट्यांखाली दाबून दहा मिलिमीटरच्या नटांनी आवळलेली असते. नट सोडले, बाजूचे बोल्ट काढले, की दोघांनी मिळून अख्खा सांगाडा उचलून बाहेर काढता येतो. मग टेबलावर ठेवून रिव्हेट ड्रिलनं काढायचे, रबरी पट्ट्या सोडायच्या आणि जुनं कापड उतरवायचं.

जुनं कापड लगेच फेकायचं नाही. कुठली पट्टी कुठे, कुठे घडी, कुठे भोक, हे सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. तोच तुमचा नकाशा. प्रत्येक टप्प्याला फोटो काढावेत. नवं कापड थोडा वेळ उन्हात पसरायचं, म्हणजे ते नरम पडतं. सांगाड्याचा मध्य आणि कापडाचा मध्य खडूनं खुणावून जुळवायचा. पुढची कड आधी चिमट्यांनी धरून पाहायची, टप एकदा बंद करून सुरकुत्या बघायच्या, आणि मनासारखं बसलं की मगच सोल्यूशन लावून पक्कं करायचं. सोल्यूशन लावल्यावर माघार घेणं अवघड. शेवटी टप बंद करून गाडी काही दिवस तशीच ठेवायची, म्हणजे कापड आपल्या जागी ताणून बसतं.

पहिल्या पिढीच्या या गाडीत मागची प्लॅस्टिकची खिडकी चेननं सुटी होते. थंडीत टप उघडण्याआधी चेन काढून खिडकी सपाट पसरायची, म्हणजे तिला तडा जात नाही. १९९८ पासूनच्या गाडीत काचेची खिडकी आली आणि हा जाच संपला.

आणखी एक गोष्ट, जी कापडावर पैसे घालण्याआधी तपासावी. आत पाणी आलं की सगळे टपाला दोष देतात. पण या गाडीत टपावरचं पाणी मागच्या पन्हळीत पडतं आणि तिथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली जातं. नळ्यांत पालापाचोळा अडकला की पाणी तुंबून आत उतरतं आणि दाराखालच्या पोकळ पत्र्याला आतून गंज धरतो. कापड काही तासांत बदलता येतं. गंजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी कौलं चाळायची आणि पन्हळी साफ करायची रीत होती. नियम तोच.

आपल्याकडचं शिवणकाम

महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि कॅनव्हासचा टप देशभर पोचला. १९८५ च्या डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली, तिचाही टप कापडी. पोलीस, वनखातं, सैन्य, शेतकरी अशा सगळ्यांच्या गाड्यांवर हे कापड होतं. २०१० च्या आणि २०२० च्या थारमध्येही ते मिळत राहिलं.

आणि रिक्षा. हूड फाटलं की रिक्षावाला कंपनीकडे जात नाही. जवळपास रस्त्याच्या कडेला सीट कव्हर आणि हूड शिवणारं एखादं दुकान असतंच. मी अशा दुकानांपुढे बरंच उभं राहून पाहिलंय. कारागीर जुनं हूड उतरवतो, जमिनीवर पसरतो, त्यावरून नवं रेक्झिन कापतो, जाड सुईच्या मशिनवर शिवतो, आयलेट आणि टिचबटणं ठोकतो आणि नळ्यांवर ताणून बांधतो. जुनं कापड हाच नकाशा, ही गोष्ट त्याला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेली नाही. परदेशात गॅरेजमध्ये माणूस सुट्टीच्या दिवशी हौसेनं जे करतो, ते इथे रोजीरोटीचं काम आहे.

म्हणून आपल्याकडे कुणाच्या जुन्या जीपचा किंवा जिप्सीचा टप गेला असेल, तर तीन गोष्टी सांगेन. पाणी कुठून येतं ते आधी बादलीनं पाणी ओतून शोधा. शिवण उसवली असेल तर अख्खं कापड बदलू नका. दोऱ्याचं काम दोऱ्यानं होतं, फक्त दोरा सुती नको, उन्हात टिकणारा पॉलिस्टरचा घ्या. आणि मूळ नमुन्याचंच कापड बसवत असाल तर ती दुरुस्ती आहे. कापडाच्या जागी पत्र्याचं किंवा फायबरचं कायमचं छप्पर बसवलं, की तो बदल ठरतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांबद्दल आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर कडक भूमिका घेतली. तेव्हा आधी आरटीओत विचारा.

दुरुस्ती कोणाच्या हातात

आता सुरुवातीचा प्रश्न. टप बदलायचा कुणी?

आजच्या महागड्या कन्व्हर्टिबलचं छप्पर बटण दाबलं की काही सेकंदांत मिटतं. त्यामागे पंप आहेत, नळ्या आहेत, प्रत्येक कमानीची जागा सांगणारे सेन्सर आहेत आणि त्या सगळ्यांना हुकूम देणारा छोटा संगणक आहे. कापड अजूनही मॅकिंटॉशच्या वंशातलं. ते अजूनही उन्हानं विरतं, अजूनही घडीवर कातरतं. पण ते बदलायला निघालेल्या मालकाला आता संगणकाची परवानगी लागते. जुन्या गाडीत मग असं होतं, की टपाचा खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जातो आणि धडधाकट इंजिन कापडापायी भंगारात निघतं.

हे अटळ होतं असं मला वाटत नाही. बटण हवं असेल तर बटण द्यावं. पण त्याच्या खालचं कापड पान्यानं सुटेल असं बसवणं बनवणाऱ्याच्या हातात आहे. १९८९ च्या एका छोट्या गाडीनं ते करून दाखवलं, आणि आपली रिक्षा तर ते रोज करते. चूक ठोकणाऱ्या कारागिराला जे न सांगता कळत होतं, की आज मी जे लावतोय ते उद्या कुणीतरी काढणार आहे, तेवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

पुढच्या वेळी रिक्षात बसलात, की मान वर करून हुडाची शिवण बघा. ठिगळ असेल तर तेही बघा. जमलं तर चालकाला विचारा, हूड कुठे शिवलं. त्या दुकानाचा पत्ता ज्याला माहीत आहे, त्याच्या शहरात हा धंदा अजून जिवंत आहे असं समजा.